शेणकाल्यानं भिजवलेलं हिरवं गवत

कापलेल्या गवताच्या ढिगावर मी शेणकाला ओतत होतो आणि माझी सख्खी भावजय कुंपणापलीकडून मला शिव्या घालत होती.

"भाऊजी, हात झडतील तुमचे! सोन्यासारखं गवत नासवताय!"

"झडू देत," मी म्हटलं आणि पुढची बादली ओतली.

टोकावड्याजवळ एका बंगल्यांच्या स्कीमवर मी माळी होतो. शाळा तिसरीपर्यंत. पण स्कीमवरची लॉन मी लावली, मी जगवली. साहेब लोक तिला बर्म्युडा म्हणत. आपल्या हरळीचीच जात, पान जरा बारीक. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरी मरत नाय, नुसती झोपते. थोडं पाणी दाखवलं की उठते. मे महिन्यात सगळा मुलूख करपलेला असायचा आणि आमची लॉन तेवढी हिरवी. त्यामुळं कापलेलं गवत वयनी न्यायची. तिची मोरी गाय गाभण होती, दिवस भरत आलेले. भाऊ गेल्यापासून त्या गाईच्या दुधावरच तिचं घर चालायचं.

त्या वर्षी लॉनमध्ये दुधीचं तण आणि काटेरी गोखरू माजलं. गोखरू पाहुण्यांच्या पोरांच्या पायात जायचं. मॅनेजरनं शहापूरहून तणनाशक आणायला सांगितलं. ते औषध रुंद पानाचं तण मारतं आणि गवताला सोडतं. दुकानदारानं बजावलं होतं, "काका, फवारलेलं गवत ढोरांना घालायचं नाय. पुढच्या दोन-तीन कापण्यांचं तर नायच."

मी वारा पडलेला बघून सकाळी फवारलं. दोन दिवसांत गोखरूचे शेंडे पिळवटले. गवत जसंच्या तसं. इथंच घोळ झाला.

मॅनेजर म्हणाला, "शनिवारी गेस्ट आहेत. लॉन कापून घे."

"साहेब, एवढ्यात कापायला नको. कापलंच तर गवत पुरावं लागंल. खड्ड्याला एक माणूस द्या."

"मेमध्ये खड्डा? जमीन दगड झालीय. माणूस नाही माझ्याकडे. तुझी वहिनी नेते ना? नेऊ दे. ढीग जाईल."

"त्याच्यावर औषध हाय."

"अरे, औषध तणासाठी होतं. गवत बघ की, कसलं मस्त आहे!"

लॉन कापावीच लागली. वयनीचंही तेच. संध्याकाळी दोरी घेऊन हजर. मी आडवा आलो.

"वयनी, हे नाय न्यायचं. औषध मारलंय."

"औषधानं गवत मेलं का?"

"नाय."

"मग खाणारी गाय कशी मरंल?"

मला राग आला तो त्याचाच. अडाण्यालाही पटेल आणि शिकलेल्यालाही पटेल असं बोलली होती बाई. मी म्हटलं, "पानावर बसलंय ते. दिसत नाय."

"दिसत नाय ते तुमालाच बरं दिसतं! कुणाला द्यायचं ठरवलंय, सांगा ना सरळ. साहेबानं सांगितलंय मला न्यायला."

"साहेबाची गाय हाय का ती?"

"तुमची तरी हाय का?" असं म्हणून ती गेली. पण जाताना म्हणाली, "उद्या पहाटंच येते. बघते कोण अडवतो."

रात्रभर राखण करायला मी काय वॉचमन नव्हतो. ढोर शेण लागलेलं गवत तोंडात धरत नाय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शेण जवळ कुठं होतं? तिच्याच उकिरड्यावर. पाट्या भरून आणल्या, पाण्यात कालवलं आणि ओतलं. उकिरडा उकरलेला दिसला म्हणून ती दिवाबत्तीच्या आतच परत आली आणि तिनं बघितलं. आपलंच शेण ओळखलं तेव्हा तर तोंडाचा पट्टाच सुटला.

सकाळी मॅनेजरला वास लागला.

"काय केलंस हे? गेस्ट निघालेत मुंबईहून! स्विमिंग पूलपर्यंत वास येतोय! कोणाला विचारून केलंस?"

"खड्ड्याला माणूस मागितला होता."

"तोंड वर करून बोलू नकोस!"

तो फोनवर ओरडला. अर्ध्या तासात पहारी घेऊन चार माणसं आली. मागच्या कुंपणाशी, विहिरीपासून लांब, छातीइतका खड्डा खणला आणि सगळं गाडलं. वासासाठी चार माणसं लगेच मिळाली. औषधासाठी एक मिळत नव्हता. माझा त्या महिन्याचा पगार कापला, तो वेगळा.

मोरी पुढं सुखरूप व्याली. खोंड झाला, धडधाकट. वयनी पाणवठ्यावर सगळ्यांना सांगायची, "बघा, गाईला काय झालं का? म्हाताऱ्यानं उगीच गवत नासवलं." अगं बाई, गाईनं ते खाल्लंच नाय! पण हे कुणाला सांगू? खाल्लं असतं तर मेली असती का? मला नाय माहीत. कासंत काय उतरलं असतं, तेही नाय माहीत. माहीत नाय म्हणूनच अडवलं. माझ्या हातानं फवारलेलं माझ्याच भावाच्या गोठ्यात जाऊ देणार नव्हतो, बस.

पुढं मी माझा कायदा केला. आधी गवत कापायचं. मग तणाला नवं पान फुटू द्यायचं आणि तेव्हा फवारायचं. पुढच्या कापण्या सरळ खड्ड्यात, आणि खड्डा आधीच खणलेला. फवारणीच्या आधीचं ते चांगलं गवत मी स्वतः वयनीच्या गोठ्यात टाकून यायचो. ती आधी मूठभर उचलून हुंगायची, माझ्यादेखत. मग गाईपुढं टाकायची.