‘माझी चूक’ नावाचं पान

राष्ट्रीय अभियंता मंडळाच्या इमारतीतली लिफ्ट बंद होती आणि भिंतवाल्यांना त्याचं काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. पूल, धरणं, बोगदे बांधणाऱ्यांचं मंडळ, पण स्वतःच्या जिन्यावरची चीर नऊ वर्षं तशीच. चिरेवर काचेची पट्टी चिकटवलेली होती. चीर वाढली की पट्टी फुटते, मग दुरुस्ती करायची, अशी ती रीत. पट्टी फुटून तीन वर्षं झाली होती. पुढे काय करायचं यावर एक समिती नेमली होती आणि समितीला अजून खोली मिळाली नव्हती.

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले. वय अडुसष्ट. डोंगर कापला की मागची माती अडवायला ज्या संरक्षक भिंती लागतात, त्यांचे नकाशे काढण्यात जन्म गेला, म्हणून हे नाव. चिडल्यावर बायकोसुद्धा त्याच नावाने हाक मारायची. सकाळी ती म्हणाली होती, "आज तरी ते पत्र देऊन या. नाहीतर याल परत खिशातच घेऊन." पत्र राजीनाम्याचं होतं. मागच्या मुलाखतींपासून, म्हणजे सहा महिने, ते खिशात फिरत होतं आणि घडीवर फाटायला आलं होतं.

राजीनामा मुलाखत मंडळाचा. पूर्ण सभासद झाल्याशिवाय इंजिनिअरला कामावर सही करता येत नाही आणि सभासद व्हायचं तर या खोलीतून जावं लागतं. समोर तिघं परीक्षक, म्हणजे अध्यक्षबाई, एक प्राध्यापक आणि भिंतवाले, हातात उमेदवाराचा अर्ज. अर्जाचं शेवटचं पान मंडळ स्थापन झालं तेव्हापासूनचं: ‘माझी चूक’. त्यात तीन प्रश्न. काय चुकलं? कसं लक्षात आलं? कोणाचं नुकसान झालं? हेतू चांगला होता. ही पानं नावं गाळून छापायची आणि सगळ्या सभासदांना पाठवायची, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याने करू नये. पण एकतीस वर्षं भिंतवाले वाचत काय आले होते? कोणी कामाच्या नादात जेवायचं विसरलं होतं, कोणी मजुरांवर फार विश्वास टाकला होता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर ठरलेलं: कोणाचंही नाही. वाचून वाचून त्यांना वीट आला होता. आणि खरं सांगायचं तर तरुणपणी त्यांनी स्वतःही तेच लिहिलं होतं.

तीन उमेदवार झाले. चौथी आली ती शेहेचाळीस वर्षांची बाई, साइट सुपरवायझर. साइटवर तिला सगळे ताई म्हणायचे. आधी डिप्लोमा, मग नोकरी आणि मुलं सांभाळून रात्रीच्या कॉलेजातून डिग्री. तिच्या कंपनीने नवा नियम काढला होता: पुढच्या महिन्यापासून काँक्रीट ओतायची परवानगी फक्त सभासदाच्या सहीने. ती सभासद झाली नाही तर साइट जाणार आणि गोदामात सिमेंटच्या गोण्या मोजत बसावं लागणार. पुढची मुलाखत सहा महिन्यांनी.

अध्यक्षबाईंनी तिचं शेवटचं पान मोठ्याने वाचलं.

‘अकरा वर्षांपूर्वी शाळेमागच्या टेकडीला संरक्षक भिंत बांधली. मागचं पाणी निघून जायला भिंतीत भोकं ठेवतात. नकाशात ती इतकी खाली दाखवली होती की पुढचं मैदान भरल्यावर मातीखाली गेली असती. पाणी तुंबून भिंत ढकलली गेली असती. काँक्रीट दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. मी संध्याकाळी नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरसाहेबांना, ज्यांना कधी भेटले नव्हते, चार वेळा फोन केला, तो उचलला गेला नाही. मी माझ्या जबाबदारीवर भोकं दोन फूट वर घेतली. माझी चूक ती नाही. नंतर मी कोणालाच सांगितलं नाही, ही माझी चूक. नकाशा चुकीचाच राहिला. कोणाचं नुकसान झालं का, मला माहीत नाही. झालं असेल, ही भीती आहे.’

प्राध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे नकाशा सोडून काम केलंत. उद्या प्रत्येक जण असंच करायला लागला तर?"

"म्हणून तर लिहिलं, सर."

"आणि नकाशा चुकीचा होता, हे तुम्हीच म्हणताय. पुरावा काय?"

"भिंत उभी आहे, एवढंच," ताई म्हणाली.

अर्जाला त्या नकाशाची जुनी प्रत टाचलेली होती. कागद हातोहात भिंतवाल्यांकडे आला. कोपऱ्यातली सही कोणालाच वाचता येण्यासारखी नव्हती. त्यांना वाचता आली. ती त्यांचीच होती.

मैदानाची उंची नकाशा काढल्यावर बदलली होती आणि त्यांनी भोकं तिथेच ठेवली होती. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण शाळेची भिंत छान उभी राहिली म्हणून तोच नकाशा त्यांनी दोन वर्षांनी बस डेपोच्या भिंतीला जसाच्या तसा उचलला होता. तिथेही भोकं मातीखाली गेली आणि ती भिंत तिसऱ्या पावसात पोटासारखी पुढे आली. तेव्हा मंडळाने मागितलेल्या अहवालात त्यांनी लिहिलं होतं: कामाचा दर्जा निकृष्ट. तिथल्या सुपरवायझरला काढून टाकलं होतं. एक हडकुळा माणूस होता. "साहेब, नकाशाप्रमाणेच केलं," एवढंच म्हणत राहिला होता.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "ताई, जरा बाहेर बसा." दार लागल्यावर प्राध्यापक म्हणाले, "पुराव्याशिवाय मी पास करणार नाही. तुमचं काय, भिंतवाले?"

गप्प बसणं सोपं होतं. बोललं तर नियम आडवा येत होता: उमेदवाराच्या कामाशी ज्याचा संबंध, त्याने उठायचं. दोघांवर मंडळ चालत नाही, म्हणजे मुलाखत सहा महिने पुढे आणि ताई गोदामात. न बोललं तर प्राध्यापक नापास करणार. भिंतवाल्यांना एकाएकी फार थकल्यासारखं झालं.

"नकाशा चुकीचा आहे," ते म्हणाले. "पुरावा मी. ही सही माझी."

अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, "मग तुम्हाला उठावं लागेल. आणि तिसरा माणूस आणायचा कुठून?"

दाराशी उभा असलेला कारकून खाकरला. "खाली वाचनालयात बोगदेवाले आहेत. रोज असतात. पेपर तोंडावर घेऊन झोपतात, पण सभासद आहेत. आणू उठवून?"

बोगदेवाले विस्कटलेल्या केसांनी आत गेले आणि भिंतवाले बाहेर आले. बाकावर ताई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. ते शेजारी बसले. इतक्या वर्षांत या बाकावर ते एकदाच बसले होते, स्वतःच्या मुलाखतीला.

"काय झालं, सर?"

"फोन मी उचलला नव्हता," ते म्हणाले.

तिला कळायला वेळ लागला. मग तिने हळूच विचारलं, "कुठे होतात त्या दिवशी?"

"आठवत नाही. हेच वाईट आहे बघा. काही महत्त्वाचं असतं तर आठवलं असतं."

ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. तिने मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. ते पुढे म्हणाले, "तोच नकाशा मी डेपोला वापरला."

"ती फुगलेली भिंत?" तिने तोंडावर हात ठेवला. "मी तेव्हाच सांगितलं असतं तर..."

"मी विचारलं असतं तर," भिंतवाले म्हणाले.

वीस मिनिटांनी दार उघडलं. कारकुनाला हसू आवरत नव्हतं. "ताई, चला आत. सह्या झाल्या." ती उठली, दोन पावलं गेली आणि वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, जा म्हणून.

मग त्यांनी कारकुनाकडून ‘माझी चूक’चं कोरं पान मागून घेतलं. पेन काढताना राजीनाम्याचं पत्र हाताला लागलं. तेही त्यांनी त्याच्याच हातात दिलं. पहिले दोन प्रश्न भरायला वेळ लागला नाही. तिसऱ्यापाशी हात थांबला. कोणाचं नुकसान झालं?

त्यांनी लिहिलं, ‘डेपोवरचा सुपरवायझर’, आणि पुढे नाव लिहायला गेले. नाव आठवेना. अहवालात त्यांनी त्या माणसाबद्दल दोन पानं लिहिली होती, पण नाव एकदाही लिहिलं नव्हतं.

"डेपोची फाइल काढा हो जरा," त्यांनी कारकुनाला हाक मारली. "आणि त्याचा पत्ता असेल तर तोही बघा."