दुसरी सही

"उचल बरं तो जार."

मॅनेजर साहेबांनी वीस लिटरच्या पाण्याच्या जारकडे बोट केलं. आम्हा आयांना एरवी पुढच्या हॉलमध्ये यायची परवानगी नव्हती, त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. सोफ्यावर पेशंटचे नातेवाईक बसलेले. माझं मागणं एवढंच होतं की सात नंबरच्या खोलीतले आजोबा अंगाने भारी आहेत, त्यांना उचलायला जोडीला एक माणूस द्या.

मी जार उचलला. खांद्यावरही घेतला. खांद्यावर घे असं कुणी सांगितलं नव्हतं.

"बघा," साहेब नातेवाइकांकडे वळून म्हणाले, "आणि हिला म्हणे जोडीला माणूस पाहिजे. अगं, तुमच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या गावाची ओझी वाहिली. तुमची पाठ का अशीतशी असते?"

सगळे हसले. मीही हसले.

हे आधीच सांगून टाकते. अपमान माझा झाला आणि मी हसले. नोकरी जाईल म्हणून हसले, असं म्हणायला सोपं आहे, पण तेवढाही विचार मी केला नव्हता. वरचा हसला की आपण हसायचं, ही सवय. गावी पिशोरला पाटलांच्या दारात उभी राहून माझी आईसुद्धा अशीच हसायची.

मी आया. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं सांभाळायचं एक केंद्र आहे शहरात, तिथे कामाला होते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, तिथून परत पलंगावर. दिवसभर माणसं उचलायची. हॉलच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये नियम लावले होते. पेशंटला उचलताना दोन कर्मचारी हवेत, हा त्यातला पहिलाच. पण ते इंग्रजीत, आणि आमची ये-जा मागच्या दाराने. ते नियम नातेवाइकांनी वाचायचे होते.

प्रत्येक खोलीत एक रजिस्टर. पेशंट उचलला की वेळ टाकायची आणि पुढे दोन सह्या. एक उचलणारीची, दुसरी जोडीदारणीची. आता एका मजल्यावर एकच आया, तर जोडीदारीण आणायची कुठून? मग आम्हीच पद्धत पाडली. दुपारचे डबे खाऊन झाले की सगळी रजिस्टरं मध्ये घ्यायची आणि एकमेकींच्या ओळीत सह्या ठोकायच्या. चटणीचं बोट पदराला पुसायचं आणि सही. मी दहावी पास, अक्षर बरं, म्हणून माझ्याच सह्या जास्त. "ताईची सही म्हंजी ब्यांकेची सही," बाया म्हणायच्या आणि मी फुगायचे. साहेबांना सगळं ठाऊक होतं. एखादी ओळ रिकामी दिसली तरच ते ओरडायचे.

जारच्या त्या प्रकारानंतर मी वरच्या मजल्यावर बदली मागून घेतली. वरची माणसं हलकी होती. खालचा मजला नसरीनकडे गेला, आणि सात नंबरचे आजोबाही. ती फुलंब्रीहून रोज जीपने यायची, पदरात दोन लहान मुली. आजोबा किती भारी आहेत हे मला माहीत होतं. मी तिला सांगितलं नाही. सांगितलं तर ती नको म्हणेल आणि मला परत खाली यावं लागेल, ही भीती.

एका सकाळी खालून धाडकन आवाज आला. मी जिना उतरून धावले. नसरीन फरशीवर उताणी आणि आजोबा तिच्या अंगावर. चाकाची खुर्ची मागे सरकली होती. तिने त्यांना सोडलं नाही, घेऊनच खाली पडली. आजोबांना खरचटलंसुद्धा नव्हतं.

"ताई, आजोबा ठीक हैं ना?" आधी तिने हे विचारलं. मग म्हणाली, "मेरेकू उठनाच नै होरा."

आजोबांना पलंगावर ठेवायला त्या घडीला चार माणसं मिळाली. वॉचमन आला, ड्रायव्हर आला, सगळे आले. नसरीनच्या दिराला फोन गेला आणि तिला रिक्षात आडवी घालून धाडलं. मग साहेबांनी सात नंबरचं रजिस्टर माझ्यापुढे धरलं.

"रोजच्यासारखी सही कर."

मी केली. रोजच्यासारखीच, सुबक अक्षरात. ते मला आजही सलतं.

पंधरा दिवसांनी हर्सूलच्या नाक्यावरून जीप धरून फुलंब्रीला गेले. नसरीन खाटेवर पडून होती. मणक्याला मार बसला होता, कुशीवर वळायलाही दुसरं कोणी लागायचं. सासूने चहा-बिस्किटं ठेवली. नसरीनने उशाखालून पाकीट काढलं.

"केंद्र से आया, ताई. मराठी में है. तुम पढो."

तिची शाळा उर्दूत झालेली. मी वाचायला लागले. घटनेच्या वेळी खोलीत दोन कर्मचारी हजर होते. उचलण्याचा नियम पाळला गेला होता. इजा तुमच्या निष्काळजीपणामुळे झाली, केंद्र जबाबदार नाही, तुम्हाला कामावरून कमी करण्यात येत आहे. मध्ये दुसऱ्या कर्मचाऱ्याचं नाव होतं. तेवढं मी गिळलं आणि पुढे वाचत गेले.

"दो जने? दूसरी कौन थी, लिखेला है क्या?"

मी चहाचा कप खाली ठेवला. "मी," म्हणाले. "माझं नाव हाय."

ती वर पत्र्याकडे बघत राहिली. "तुम तो ऊपर थे ना, ताई."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सासूने मात्र माझ्यापुढची बिस्किटांची बशी उचलून आत नेली. तिचं काही चुकलं नाही.

परतीच्या जीपमध्ये मला मान वर करता येईना. साहेबाने मला चारचौघांत हमाल केलं होतं, ते मी कितीदा मनात घोळवलं होतं. पण नसरीनला खोटी पाडली ती मी. माझ्या चांगल्या अक्षराने.

तिच्या दिराने कामगार कार्यालयात अर्ज केला. केंद्राच्या बाजूने साक्ष द्यायला मला नेलं, तेही साहेबांच्या गाडीत, पुढच्या सीटवर. "जास्त काही नाही," साहेब वाटेत म्हणाले, "विचारलं की हो म्हणायचं. पुढच्या महिन्यात तुला सुपरवायझर करतो."

अधिकारी बाई होत्या. त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे केलं.

"ही सही तुमची?"

"व्हय."

"त्या वेळी तुम्ही खोलीत होता?"

साहेब माझ्याकडे बघून हसले. मला हसू आलं नाही.

"नाय. मी वरच्या मजल्यावर व्हते. सही खोटी हाय. आमच्या समद्याच दुसऱ्या सह्या खोट्या हायेत. एका मजल्याला एकच बाई असती, मॅडम. दुसरी आणायची कुठून?"

"शुद्धीवर आहेस का तू?" साहेब ताडकन उठले. "खोटी सही म्हणजे गुन्हा आहे. आत जाशील."

"गुन्हाच हाय. म्याच केलाय. लिहून घ्या मॅडम."

बाईंनी साहेबांना खाली बसायला सांगितलं. "कामाची जागा सुरक्षित ठेवणं ही तुमची मेहरबानी नाही, कायद्याने तुमच्यावर टाकलेली जबाबदारी आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पण सही तुम्ही केली, तेही नोंदीत येईल."

"येऊ द्या."

घरी पायी आले. दुसऱ्या दिवशी वॉचमनने मागच्या दारातच अडवलं. माझं काम गेलं. निकाल अजून लागलेला नाही. नसरीनची मी माफी मागितलेली नाही. माफी मागून मी मोकळी व्हायचं आणि तिने खाटेवर तसंच पडून राहायचं, हे मला पटत नाही.

पुढची तारीख जवळ आली आहे. केंद्रात अजून चार आया कामाला आहेत. दर रविवारी मी त्यांच्या घरी जाते. पहिल्यांदा चौघींनी दारातूनच परतवून लावलं. "ताई, आमच्या पोटावर पाय देऊ नगं," एक तर रडलीच. मी तिच्या उंबऱ्यावर बसून राहिले. म्हटलं, "उद्या तुझी पाठ गेली तर रजिस्टर काय म्हणंल? दोघी व्हत्या म्हणंल. दुसरी सही कुणाची? तुमच्यातल्याच एकीची ना?"

आता चौघीही येणार आहेत. एकेक जण अधिकारी बाईंपुढे उभी राहून रजिस्टरातल्या आपल्या सहीवर बोट ठेवणार आहे आणि सांगणार आहे, ही माझी सही, आणि ही खोटी आहे.