खरातकाका आणि रंगांचा रिपोर्ट

खरातकाका संगणकाच्या पडद्यावरची प्रत्येक ओळ ओठांतल्या ओठांत वाचत. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत आम्ही शेजारी बसायचो. बियाण्याच्या कोणत्या लॉटची उगवण किती टक्के, कोणता बाजारात पाठवायचा, कोणता थांबवायचा, हा रिपोर्ट बारा वर्षं तेच काढत होते. कुणी घाई केली की म्हणत, "शेतकरी पेरलेलं बी उकरून पाहत न्हाई, मॅडम. पाहायचं ते आपुनच."

काळ्या पडद्यावर पांढरे आकडे, असा त्यांचा जुना प्रोग्राम होता. नव्वदच्या दशकाअखेरीस साहेबांनी नवा आणला. त्यात टक्के नव्हते. नुसता लॉट नंबर आणि शेजारी रंगाचा चौकोन. हिरवा म्हणजे पाठवा, लाल म्हणजे थांबवा. मी पुण्याला आठ दिवस शिकून आले होते, म्हणून पाच जणांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. पंधरा दिवसांनी परीक्षा. जो नापास होईल तो गोदामात. मी चोवीस वर्षांची, काका पन्नाशी ओलांडलेले.

माऊस त्यांनी दोन दिवसांत आपलासा केला. पण लाल लॉट हिरव्यांत जायचे, हिरवे लालांत. रोज. जेवणाच्या सुट्टीतही ते उठत नसत, डबा तसाच राही. "करून राह्यलो ना, मॅडम. येईल बराबर," म्हणत. मानेवरून घाम वाहत असे. मला वाटे, जुनं सोडवत नाही म्हणून हा हट्ट.

परीक्षेला साहेब माझ्या मागे उभे होते. काकांनी तीन लाल लॉट बाजारात पाठवले. मी सगळ्यांदेखत ओरडले, "काका, एवढं लालभडक दिसत नाही का तुम्हाला?"

ते उभे राहिले. "न्हाई दिसत, मॅडम."

सगळे हसले. मला तो उद्धटपणा वाटला. त्यांच्या नावापुढे 'नापास' लिहून मी यादी साहेबांना दिली.

सुटल्यावर ते गेटजवळ माझी वाट पाहत होते. "लहानपणी मिरच्या तोडायला गेल्तो. पिकलेल्या तेवढ्या तोडायच्या होत्या. मी समद्या एकात केल्या. मालकानं लोकांसमोर माझी टोपली पालथी केली. तवापासून कोणाला सांगितलं न्हाई, घरीबी न्हाई. मला लाल-हिरवं एकसारखंच दिसतं." मग म्हणाले, "माझा बाप अंबडच्या बाजारात पोती उचलून उचलून वाकला. मी टेबलापर्यंत आलो. मला परत पोत्यांकडं नका पाठवू. पण हे कोणाला सांगूबी नका."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी साहेबांकडे गेले. काकांना आणखी एक संधी द्या म्हणाले. "कशासाठी?" त्यांनी विचारलं. मला दुसरं काही सुचेना. मी सांगून टाकलं.

"रंग कळत नाही, आणि बियाणं तपासतो?" साहेबांनी माझ्यासमोरच बदलीच्या कागदावर सही केली. जुन्या रिपोर्टात आकडे होते, काका कधी चुकले नाहीत, हे मी सांगत राहिले. साहेब फोनवर बोलत होते.

दुपारपर्यंत ही गोष्ट ऑफिसभर झाली. कुणीतरी दोन पेनं काकांपुढे धरून विचारलं, "यातला लाल कोणता?" काकांनी आपला डबा उचलला आणि ते गोदामाकडे गेले.

तेव्हा कुठे मी संगणकासमोर बसले. प्रत्येक चौकोनाशेजारी शब्द घातला: 'पाठवा', 'थांबवा'. साहेबांना तो बदल आवडला. "हे कायम ठेव," म्हणाले. बदली मात्र मागे घेतली नाही.

नव्या रिपोर्टाचा छापलेला कागद घेऊन मी गोदामात गेले. काका पोत्यांवरचे नंबर वहीत उतरवत होते. त्यांनी कागद सावकाश, शेवटपर्यंत वाचला. एका ओळीवर थांबले. "हा लॉट पुन्हा तपासून घ्या. या शेताचा माल मागच्या सालीबी कमी उगवला होता." मग कागद माझ्याकडे देत विचारलं, "ही अक्षरं घालायला किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं."

बाहेर ट्रक लागला होता. हमालांनी हाक मारली, तसे वही काखेत धरून काका तिकडे गेले.