पंच्याण्णवसाहेब

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना आम्ही पाठीमागे पंच्याण्णवसाहेब म्हणायचो. त्यांना एवढा एकच आकडा पाठ होता. पाहुणा आला की यंत्रावर हात ठेवून सांगायचे, पंच्याण्णव अंशांवर डीएनएचे दोन धागे सुटे होतात. पुढे काय होतं असं कुणी विचारलं की घसा खाकरून चहा मागवायचे. थोरल्या साडूच्या वशिल्यानं खुर्ची मिळालेली. यंत्राचं झाकण कुठून उघडतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

पुढचं काम आम्हा तंत्रज्ञांचं. सुटे धागे साठ अंशांपर्यंत निववले की आपण टाकलेले छोटे तुकडे आपली नेमकी जागा शोधून चिकटतात, आणि दोष असेल तरच शेवटी रेघ उमटते. त्याहून गार केलं तर ते तुकडे कुणाच्याही गळ्यात पडतात.

वरून तपासणी यायची होती. रेघा फिक्या दिसतात म्हणून साहेबांनी साठाचे अठ्ठेचाळीस करायला लावले. रेघा ठसठशीत आल्या. निरोगी म्हणून मुद्दाम ठेवलेल्या नमुन्यातही आली, हे मी दाखवलं. त्यांनी तो नमुनाच खराब ठरवला आणि रिपोर्टांवर सह्या ठोकल्या.

पंधरा दिवसांनी एक शिवणकाम करणारी मुलगी आली. तिला आनुवंशिक रक्तदोष आहे असं आमचा कागद म्हणत होता, आणि तेवढ्यावर तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. परत तपासा, एवढंच म्हणाली. मी साठवर चाचणी लावली. रेघ नाही. अठ्ठेचाळीसच्या त्या दिवशी दोष निघालेले बाकीचे अकरा नमुनेही लावले, त्यातले नऊ कोरे.

कागद घेऊन साहेबांकडे गेले.

"दहा जणांना आजार नाही निघाला, ही तर आनंदाची बातमी," ते म्हणाले. "तोंड पाडून काय उभ्या राहता?"

लाज त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नसावी.

मी बाराही जणांना फोन केले, चूक कुणाची तेही सांगितलं, आणि नवे रिपोर्ट माझ्या सहीनं दिले. साहेबांनी मला नमुने घ्यायच्या खिडकीवर बसवलं. त्यांना मात्र बढती मिळाली. आता चार प्रयोगशाळांचं वाटोळं करतात.

नव्या कागदाचं कळताच तो नवरामुलगा आईला घेऊन मुलीच्या दुकानात आला. तिनं दोघांना दारातूनच परतवून लावलं.

"रिपोर्ट चुकला ते बरंच झालं, ताई," ती माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली. "माणूस तरी तपासून मिळाला."

मग माझा ढगळ पांढरा कोट पाहून तिनं नाक मुरडलं आणि खांद्याचं माप घेतलं.