पूजेतला संगणक

मागच्या उन्हाळ्यात मी चाळीसगावच्या एका माणसाकडून होळीची पिचकारी विकत घेतली. होळी होऊन गेली होती आणि आमच्या घरात पिचकारी उडवणारं कुणी नाही. पण लिलावाच्या साइटवर तिचा फोटो बघताना माझ्या लक्षात आलं, की या पिचकारीत पाणी भरायला जागाच नाही आणि मुठीतून काळी वायर निघाली आहे. ती टीव्हीवरचे पक्षी मारायची जुनी गेमची बंदूक होती. मला राहवेना, म्हणून विकणाऱ्यालाच फोन करून विचारलं. तो म्हणाला, ताई, आधी बंदूक असंच लिहिलं होतं, तर साइटवाल्यांनी जाहिरातच काढून टाकली. मग बायको म्हणाली, पिचकारी लिहा. मी फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले.

मी जळगावात एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. ज्या बाटलीवरची चिठ्ठी आतल्या मालाशी जुळत नाही, ती बाजूला काढून आत नेमकं काय आहे ते शोधायचं, हे माझं रोजचं काम. तीच खोड घरी आल्यावर मोबाइलवर चालू राहते. माणसं जुने व्हिडिओ गेम विकायला काढतात, पण आपल्या हातात काय आहे हे त्यांना ठाऊक नसतं. मग वस्तू जशी दिसते तसं नाव देतात. हातात धरून खेळायचा गेम 'कॅल्क्युलेटर, आकडे पुसलेले' म्हणून येतो. जॉयस्टिक एकाने 'कुलरचा रिमोट' म्हणून टाकली होती. ज्यांना खरं नाव माहीत असतं ते खरं नाव टाकून शोधतात आणि एकमेकांवर बोली चढवत बसतात. मी चुकीची नावं टाकून शोधते, तिथे माझ्याशिवाय कुणीच नसतं. माझे यजमान म्हणतात, हिला बाजारातली सगळी भंगारं नावानिशी ओळखतात. म्हणोत बापडे.

हा सगळा रिकामटेकडा उद्योगच राहिला असता, पण गेल्या पावसाळ्यात माझ्या मोठ्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला.

तो दीपनगरला असतो, वीज केंद्राच्या वसाहतीत. कंट्रोल रूममध्ये उभा जन्म गेला त्याचा. वाचा वाचली, पाय महिन्याभरात घरातल्या घरात चालण्याइतका आला, पण उजवा हात मांडीवर पडून राहिला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हातात जीव आहे, टोचलं की बोटं हलतात. आता मेंदूने हाताला पुन्हा पुन्हा हुकूम सोडायला हवा. पहिले काही महिने महत्त्वाचे, नंतर हात आहे तसाच राहायची भीती. व्यायामाला एक रबरी चेंडू दिला होता. भावाने तो दोन दिवस दाबला आणि मग कॉटखाली जाऊ दिला. वहिनी उचलून द्यायची, तो म्हणायचा, "ठेव तिथे." चहा दिला तरी ठेव तिथे, पेपर दिला तरी ठेव तिथे. त्याला कसलंच काही नको होतं, आणि मला त्या हातापेक्षा याचीच भीती वाटायची. वहिनी एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाली, ते हाताकडून काही मागतच नाहीत गं. बोलताना ती कणीक इतकी मळत होती की शेवटी मी परात बाजूला घेतली.

लहानपणी आमच्याकडे कीबोर्डसारखा दिसणारा एक गेम होता. टीव्हीला जोडायचा, वरच्या खाचेत कॅसेट खुपसायची आणि दोन जॉयस्टिकवर खेळायचं. भाऊ त्यावर जेवणखाण विसरायचा. मला वाटलं, मागेल तर हा माणूस तेच मागेल. भाचीने आधी त्याला मोबाइलवर गेम लावून दिला होता. त्याने काचेवर डाव्या हाताचं बोट एकदा फिरवलं आणि मोबाइल परत दिला. मग मी बाजारातला नवा, स्वस्तातला गेम नेला. त्याची बटणं दाबली तरी दाबल्यासारखं वाटत नव्हतं. तोही ठेव तिथे झाला. तेव्हा मी ठरवलं, की तेच जुनं यंत्र हवं, तीच टकटक वाजणारी बटणं हवीत. खऱ्या नावाने शोधलं तर मुंबई-बंगळुरूचे शौकीन लोक अशा काही बोली लावून बसले होते की माझी छाती झाली नाही. मग मी माझ्या वाटेने गेले. 'टाइपरायटर' टाकून बघितलं, 'हार्मोनियम' टाकून बघितलं. 'विद्यार्थी संगणक' टाकलं आणि धुळ्याची एक जाहिरात निघाली.

'मुलांसाठी संगणक. टायपिंग शिकण्यास उपयुक्त. सध्या बंद. घरात पूजेत होता.' एवढाच मजकूर. फोटोत ते यंत्र पाटावर ठेवलेलं होतं आणि त्याच्या कपाळावर, म्हणजे कपाळ म्हणावं अशा वरच्या जागी, हळदीकुंकवाचं चांगलं जाड बोट होतं. मी फोटो मोठा करून बघितला. अक्षरांच्या बटणांवरचा रंग शाबूत होता, कुणी फारसं टायपिंग केलेलं दिसत नव्हतं. पण जॉयस्टिक लावायची बाजूची दोन भोकं घासून घासून चकाकत होती. टायपिंग शिकण्यास उपयुक्त! मी बोली लावली. दुसरी आलीच नाही, लिलाव संपला आणि यंत्र माझं झालं.

म्हणजे मला तसं वाटलं. दुसऱ्याच दिवशी विकणाऱ्यांचा फोन आला. आवाज वयस्कर, शब्द मोजून मापून. ते म्हणाले, वस्तू कुरिअरने जाणार नाही. आधी दोघे जण येऊन गेले, एकाला आतले भाग काढायचे होते, दुसऱ्याला दुकानात शोभेला ठेवायचा होता, दोघांना परत पाठवलं. कोण नेतंय आणि कशासाठी, हे बघितल्याशिवाय मी देणार नाही.

रविवारी सकाळी मी एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचले. देवपुरातलं लहानसं, नीटनेटकं घर. विकणारे गृहस्थ, आबा, शाळेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र लेंगा-सदरा, चष्म्याला दोरी. त्यांच्या बायकोला गल्लीत सगळे अक्का म्हणतात असं त्यांनीच सांगितलं, तेव्हा मीही अक्काच म्हटलं. अर्धं घर खोक्यांत भरलेलं होतं. दोघं पुण्याला मुलाकडे राहायला चालले होते आणि मुलाच्या फ्लॅटमध्ये जागा कमी होती.

यंत्र देवघराशेजारी पाटावरच होतं. आबांनी त्याची हकीकत मोठ्या अभिमानाने सांगितली. मुलगा सातवीत असताना त्याने हट्ट धरला, की सगळे कॉम्प्युटर शिकतात, मला घ्या. यांनी पगारातून जमवून घेऊन दिला. मुलगा तासन् तास बसायचा. टीव्ही बिघडू नये म्हणून आणि अभ्यासात मोडता येऊ नये म्हणून आबा त्या खोलीत पाऊल टाकत नसत. मुलगा पुढे खरोखरच इंजिनिअर झाला, पुण्यात कॉम्प्युटरवरच काम करतो. तेव्हापासून दर दसऱ्याला, सायकल, शिलाई मशीन आणि पुस्तकांच्या रांगेत, या कॉम्प्युटरची पूजा. आबा स्वतः कुंकू ओलं करून लावत आणि वरून अक्षता टाकत.

मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात निराळंच चक्र चालू होतं. सातवीतल्या पोराने बापाला चांगलंच गंडवलं होतं. आमच्या गावातही निम्म्या घरांत ही यंत्रं 'शिकायचा कॉम्प्युटर' म्हणूनच शिरली होती. खोक्यावर तसं छापलेलंच असायचं. पण पुढे पोरं मोठी झाली आणि घरच्यांना कळून चुकलं. इथे कळलंच नव्हतं. दसऱ्यामागून दसरे गेले आणि गेम देव्हाऱ्याजवळ जाऊन बसला. मला हसू येत होतं आणि आबांच्या तोंडाकडे बघून ते गिळावंही लागत होतं.

मग त्यांनी विचारलं, की तुम्हाला हा कशासाठी हवा. खरं सांगितलं तर त्यांच्या मुलाचा बुरखा फाटणार होता, आणि यंत्रही हातचं जाणार होतं. मी भावाचं सांगितलं. झटका, उजवा हात, कॉटखाली गेलेला चेंडू, सगळं. त्याला बटणं दाबायची सवय लागावी म्हणून हवा, असं म्हटलं. यात खोटं काही नव्हतं. आबांनी सदऱ्याच्या टोकाने यंत्रावरची धूळ पुसली.

"माझ्या मुलाची बोटं याच्यावरच वळली," ते म्हणाले. "घेऊन जा."

यंत्र बांधायला सुतळी आणायला आबा गच्चीवर गेले आणि अक्कांनी मला हाताने स्वयंपाकघरात बोलावलं. गव्हाच्या कोठीमागून त्यांनी एक कापडी पिशवी ओढून काढली. आत दोन जॉयस्टिक, वायर, आणि रंगीत चित्रांच्या चार-पाच कॅसेटी.

"हाई बी ली जा, बहीन," त्या हळूच अहिराणीत म्हणाल्या. "येन्हाबिगर ते काही कामनं नही."

त्यांनी जिन्याकडे एक नजर टाकली.

"माले बठ्ठं माहीत शे. त्यासले नको सांगू."

त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव नव्हता, उलट मजाच वाटत होती. मुलगा शाळेत आणि आबा कामावर गेले, की दुपारी त्याही खेळत असत, असं त्यांनी मला चार वाक्यांत सांगून टाकलं. हा गेम आहे हे सगळं पहिल्याच दिवशी त्यांना कळलं होतं. नवऱ्याला का नाही सांगितलं, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, पोरगा अभ्यास करतो या समाधानात ते रोज जेवत होते, त्यांच्या ताटातलं ते कशाला काढू. आबांची पावलं जिन्यावर वाजली तशी पिशवी माझ्या पर्समध्ये गेली. पर्स फुगून इतकी विचित्र दिसत होती की आबांनी नाही विचारलं हे नवलच.

घरी येऊन मी यंत्र उघडलं. बंद का पडलं ते आत बघताक्षणी कळलं. वरच्या खाचेतून दरवर्षी थोडं थोडं कुंकू आत गेलं होतं आणि कॅसेट जिथे टेकते त्या पितळी दातांवर त्याचा लाल थर धरला होता. मध्ये अक्षता अडकलेल्या. आबांनी मनोभावे पूजा करकरून तो बंद पाडला होता. पितळी दातांत चिमट्याने तांदळाचे दाणे वेचताना मला त्या घराबद्दल एकदम फार माया वाटली. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून सगळं पुसलं, नवा अ‍ॅडॅप्टर जोडला, आणि टीव्हीवर चित्र आलं. कपाळावरचं कुंकू मात्र मी पुसलं नाही, कारण ते पुसणं माझं काम नव्हतं.

पुढच्या रविवारी दीपनगर. भाऊ नेहमीच्या जागी, टीव्हीसमोरच्या कॉटवर. मी यंत्र जोडलं. त्याने एकदा बघितलं, कुंकवाकडे जरा जास्तच बघितलं. जंगलातून एक माणूस पळत जातो, वाटेत खड्डे, साप, पडणारे दगड, असा तो गेम होता. वाजणारं संगीत ऐकून भावाची मान सरळ झाली. मी जॉयस्टिक पुढे केली.

"ठेव तिथे," तो म्हणाला. पण नजर टीव्हीवरून निघाली नाही.

मी ती त्याच्या मांडीवर ठेवली. दिशेची बटणं डाव्या हाताला असतात. ती त्याने थोड्या वेळाने दाबली, नुसती चाचपून बघावी तशी. माणूस पळाला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला, कारण उडीचं बटण उजव्या हाताला. पुन्हा पळाला, पुन्हा पडला. भावाने जॉयस्टिक सोडली आणि भिंतीकडे तोंड केलं. एवढं धुळ्याला जाऊन मी त्याला नेमकं काय जमत नाही तेच दाखवायची सोय करून आणली होती.

मग मला सुचलं ते केलं. मी त्याच्या उजव्या बाजूला कॉटवर बसले, त्याचा निपचित हात जरा सरकवला आणि उडीच्या बटणावर माझा अंगठा ठेवला. म्हटलं, तू पळव, उड्या मी मारते. त्याने भिंतीकडची मान वळवली. डावा अंगठा बटणावर ठेवला.

आम्ही पडलो. कितीदा पडलो त्याला गणती नाही. मला तो गेम कधीच येत नव्हता, आणि आता तर एकाचे पाय आणि दुसरीची उडी, असा सगळा घोळ. खड्डा आला की मी आधी ओरडायची आणि मग बटण दाबायची, तोवर माणूस आत गेलेला असायचा. वहिनी दारात चहाचे कप घेऊन उभी राहिली ती उभीच. भावाच्या कपाळावर आठ्या चढत चालल्या होत्या. कंट्रोल रूममध्ये हाताखालची माणसं चुकली की चढायच्या त्या. "आत्ता," तो म्हणायचा. मग, "अगं, आत्ता." मग नुसतंच चक् करायचा.

पुढचा खड्डा मोठा होता. मला तो दिसला, मी ओरडलेही, आणि बटण दाबायच्या आत माझ्या मनगटाला काहीतरी लागलं. फार जोराने नाही. कुणीतरी माझा हात बाजूला सारत होतं. मी खाली बघितलं. मांडीवरून उचललेला त्याचा उजवा हात होता तो, थरथरणारा, बोटं अजून अर्धी मिटलेली. माझा अंगठा ढकलून तो बटणावर टेकायला बघत होता.

"हो बाजूला," भाऊ म्हणाला, टीव्हीकडे बघतच. "तुला वेळच कळत नाही."