मागच्या घाण्यातले जिवाणू

आमच्या देवळाली प्रवरा गावात विरजण मागायला निम्मी आळी छबूबाईकडे जाते. छबूबाईला त्याचा भारी तोरा. लग्नात माहेराहून आणलेलं विरजण तिनं अजून मोडलेलं नाही; कालच्या दह्यातलं चमचाभर आज, आजच्यातलं उद्या. "नवं कशाला आनायचं? जमल्यालं हाय त्येच फुडं न्यावं," हे तिचं शास्त्र. अशा घरातली तिची लेक स्नेहल सूक्ष्मजीवशास्त्र शिकली, यात नवल ते काय!

स्नेहल नगरच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे. तिथं माणसाचं एखादं जनुक जिवाणूंत घालतात. जिवाणू वाढले की ते माणसाचं प्रथिन बनवून देतात. मग ते शुद्ध करून, बोटाच्या पेराएवढ्या कुप्यांत भरून संशोधनासाठी प्रयोगशाळांना विकतात. एका वेळच्या मालाला सगळे बॅच म्हणतात. स्नेहल उसाच्या गावची, ती घाणा म्हणते. आता तिच्या साहेबांच्या, मार्तंडसरांच्या तोंडातही तेच बसलंय.

नियम एकच, पण कडक. दर घाण्याला फ्रीझरमधल्या मूळ जिवाणूंपासून सुरुवात करायची. एकदा मात्र घाणा असा काही उतरला, की स्नेहलनं त्यातलेच जिवाणू राखून पुढच्याला लावले. मग त्यातले त्याच्या पुढच्याला. आळस नव्हता हो! चांगलं जमलेलं मोडायचं, हे तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. पण जिवाणू वाढता वाढता बदलतात. जनुकात कुठंतरी बारीकसा फरक पडला. प्रथिन दिसायला, वजनाला तेच, कामाला शून्य. कंपनीत तपासत होते फक्त वजन, त्यामुळे माल बिनबोभाट पुण्याला गेला.

पुण्याहून अनन्या नावाच्या संशोधक मुलीचा फोन आला, तो नेमका स्नेहलनंच उचलला.

"माझा प्रयोग जमतच नाहीये. तुमचं प्रथिन ठीक आहे ना? की माझंच काही चुकतंय?"

मूळ जिवाणूंना आपण कितीतरी दिवसांत हात लावलेला नाही, हे स्नेहलला तत्काळ आठवलं. आणि तोंडातून काय निघावं?

"तुम्ही बर्फातच ठेवलं होतं ना?"

"एकदा थोडा वेळ बाहेर राहिलं होतं. म्हणजे माझ्यामुळेच. सॉरी हं मॅडम, तुम्हाला उगाच त्रास दिला."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर संन्यासीच माफी मागत होता! स्नेहल माझी लाडकी असली तरी या जागी मला तिचा राग येतो.

तिनं मूळ जिवाणूंपासून नवा घाणा केला. तपासला, तर त्यातलं प्रथिन काम करत होतं. जुन्यातलं करत नव्हतं. तिनं हे सांगितल्यावर मार्तंडसर आधी भडकले, मग म्हणाले, "नवी कुपी पाठवून दे. कारण कळवत बसू नकोस." तिनं पाठवली. एक शब्दही लिहिला नाही. पण खाई त्याला खवखवे. शेवटी तिनं आईला सगळं सांगितलं.

छबूबाईनं ऐकून घेतलं. "चूक हुती गं मानसाच्या हातनं. पर त्या पोरीच्या माथी कशापायी मारलीस?"

दुसऱ्या दिवशी स्नेहलनं पुण्याला फोन लावला.

"नवं प्रथिन छान आहे," अनन्या म्हणाली. "पण ते काम आता माझ्याकडे नाही. माझ्या हाताला शिस्त नाही म्हणून सरांनी दुसऱ्याला दिलं. मलाही तसंच वाटायला लागलंय."

स्नेहलनं मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. घाणा, राखलेले जिवाणू, काही लपवलं नाही. "तुमच्या सरांशी मी बोलते. लेखी देते. नोकरी गेली तरी चालेल."

अनन्यानं एवढंच विचारलं,

"मी फोन केला होता, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

नुसती शंका होती, असं म्हणता आलं असतं. स्नेहल म्हणाली, "हो."

"आणि तरी तुम्ही मला सॉरी म्हणू दिलंत."