खड्ड्यासकट

"खालची जमीन ठेव. नुसतं आभाळ तर फुग्यालाही मिळतं."

काकू हे वाक्य कॉम्प्युटरच्या स्क्रीनला बोट लावून म्हणायच्या आणि दर वेळी स्क्रीनवर त्यांच्या बोटाचा ठसा उरायचा. तुम्हीही असे फोटो पाहिले असतील. निळंशार आभाळ, त्यात पायाला स्नोबोर्डची फळी बांधून उडालेला एखादा पोरगा, आणि खाली काहीच नाही. काकूंना असे फोटो बघवत नसत. "हा उडाला कुठून? उतरणार कुठं? वाळत घातल्यासारखा टांगून ठेवलाय, बाप्पा."

न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला, त्या आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या नागपूरच्या. काका सॉफ्टवेअरमध्ये होते आणि काकू त्यांच्या व्हिसावर आलेल्या. त्या व्हिसावर नोकरी करता येत नसे. घराचा करार, फोन, बँक, सगळं काकांच्या नावावर. महाराष्ट्र मंडळात त्यांची ओळख 'ह्यांच्या मिसेस' अशी करून दिली जायची. त्या हसून मान डोलवायच्या आणि नंतर कारमध्ये बसल्यावर म्हणायच्या, "माझं नाव काय विमानात राहिलं का?"

एका हिवाळ्यात मंडळाची ट्रिप पेनसिल्व्हेनियातल्या एका बर्फाच्या डोंगरावर गेली. बाकीचे सगळे रबरी ट्यूबवर बसून घसरत होते. काकू मात्र स्नोबोर्डवाल्या पोरांना उडी मारायला केलेल्या बर्फाच्या उंचवट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या, त्या परत यायचं नावच घेईनात. काकांनी नायगारासाठी घेतलेला कॅमेरा त्यांच्या गळ्यात होता. पुढच्या शनिवारी त्यांनी माझं दार वाजवलं. "तुझ्याकडे गाडी आहे आणि तू कुठं जातही नाहीस." दोन्ही खरं होतं.

तेव्हापासून आमचे हिवाळ्यातले शनिवार डोंगरावर जाऊ लागले. भडक केशरी जॅकेट, नागपूरहून आणलेली माकडटोपी, आणि कॅमेऱ्याच्या जास्तीच्या बॅटऱ्या स्वेटरच्या आत, अंगाशी. थंडीत बॅटरी लगेच मान टाकते. "उबवते आहे," काकू म्हणायच्या. मग उंचवट्याच्या बाजूला, कुणाच्या वाटेत येणार नाही अशा जागी, त्या सरळ पोटावर झोपायच्या. पहिल्यांदा तिथला सुरक्षारक्षक धावत आला. त्याला वाटलं, बाई पडली.

"आय ॲम वर्किंग," काकू डोकं न उचलता म्हणाल्या.

परत येताना काकू रस्ताभर त्या वाक्यावर खूश होत्या.

मला शिकवायला त्या कधी बसल्या नाहीत. मी बाजूला उभी राहून बघत असे. ते मला जमतं. काकू कॅमेरा आधीच उंचवट्याच्या टोकावर रोखून ठेवायच्या आणि बोर्ड टोकावरून सुटल्याचा खर्रकन आवाज आला की बटण दाबायच्या. पोरगा दिसल्यावर दाबलं तर उशीर होतो. आणि कॅमेऱ्याचं ऐकायचं नाही. कॅमेऱ्याला वाटतं, जगात इतकं पांढरं काही नसतंच, म्हणून तो बर्फ राखाडी करून टाकतो. काकू उजेड मुद्दाम वाढवून घ्यायच्या. "तो दाबतोय म्हणून आपण दाबू द्यायचं नसतं," त्या म्हणायच्या. त्या कॅमेऱ्याबद्दलच बोलत असाव्यात, असं मी बरेच दिवस धरून चालले होते.

डोंगरावरची पोरं 'काकू' हेच त्यांचं नाव समजून वरून ओरडायची, "काकू, यू रेडी?" काकू एक हात वर करायच्या.

त्या पोरांत एक मुलगी आमच्यातली होती. श्रेया, मंडळाच्या अध्यक्षांची. पंधरा वर्षांची, मराठी समजायची पण उत्तर इंग्रजीत. एका शनिवारी ती एकच उडी सकाळपासून करत होती. हवेत अर्धी गिरकी घ्यायची आणि वळताना हाताने बोर्डाची कड पकडायची. दर वेळी पडत होती, आणि दर वेळी त्याच जागी. उतारावर तिच्या पडण्याने एक खड्डा झाला होता. मला बघवेना. मी काकूंना म्हटलं, "तिला थांबायला सांगू या का?"

"तू मला थांबायला सांगशील का?"

दुपारी ऊन तिरपं झालं तेव्हा तिला ती उडी जमली.

तो फोटो आम्ही दुसऱ्या दिवशी काकूंच्या जेवणाच्या टेबलावर पाहिला. डाव्या कोपऱ्यात उंचवट्याचं टोक, उजवीकडे खाली उतार, त्यावर तिचा खड्डा, सावलीने निळा झालेला. आणि त्या सगळ्याच्या वर श्रेया, हात बोर्डाला, नजर खाली खड्ड्याकडे. काकूंनी तिरपी आलेली टेकडी सरळ केली, बर्फ थोडा उजळला आणि माऊस सोडला. "झालं. याला आता हात लावायचा नाही."

त्या वर्षी मंडळाची स्मरणिका निघणार होती आणि तिची मांडणी माझ्याकडे होती. श्रेयाच्या बाबांनी फोटो पाहिला आणि मुखपृष्ठ ठरलंच. आतल्या पानावर छायाचित्रकार म्हणून काकूंचं नाव येणार होतं, 'मिसेस' न लावता. काकूंनी मला नाव कसं लिहायचं ते सांगितलं. स्वतःचं नाव, मग आडनाव. मधे काही नाही. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं.

मग श्रेयाच्या बाबांचा फोन आला. काकूंनी तो स्पीकरवर टाकला.

"वहिनी, फोटो झकास आहे. फक्त तो खड्डा तेवढा काढून टाका. आणि खालचं कापा, म्हणजे पोरगी मोठी दिसेल. पुण्याला आई बघणार आहे. ती म्हणेल, नातीला पडायला पाठवता का?"

"पडलीच आहे ती. दिवसभर."

"ते आपल्याला माहितीये. छापायचं कशाला?"

"मग मुखपृष्ठावर फुगा छापा," काकू म्हणाल्या. "तो पडत नाही."

"बघा बुवा. नाही तर गणपतीचा फोटो आहेच आमच्याकडे. मग नावही गणपतीवाल्याचं येईल."

"येऊ द्या."

फोन ठेवल्यावर त्यांनी चहा टाकला आणि त्यात साखर घालायला विसरल्या. आम्ही दोघींनी तो तसाच प्यायला.

दोन दिवसांनी श्रेयाच्या बाबांनी मला घरी बोलावलं. "तूच करून टाक ग. फाइल तुझ्याकडे आहे, दोन मिनिटांचं काम." माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं, म्हणून मराठीत वाद घालता येत नाही, असं मी स्वतःला सांगत आले होते. खरं तर मला कुठल्याच भाषेत येत नाही. मी लॅपटॉप उघडला, पूर्ण फोटो त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "मी नाही कापणार."

श्रेया पाठीमागे येऊन उभी होती. "बाबा, इफ यू कट दॅट, इट्स नॉट माय जंप."

"तू मधे बोलू नकोस."

"इट्स माय खड्डा," ती म्हणाली.

मुखपृष्ठावर गणपती आला. काकूंचं नाव कुठेच आलं नाही. पण प्रकाशनाच्या दिवशी हॉलच्या दारात, रांगोळीच्या शेजारी, एका स्टँडवर तो फोटो उभा होता, दाराच्या अर्ध्या उंचीचा, पूर्ण. श्रेयाने आणि काकूंनी तो सकाळीच आणून ठेवला होता. खाली काळ्या मार्करने काकूंचं नाव, त्यांच्याच अक्षरात. आत जायचं तर त्याच्यासमोरूनच जावं लागत होतं. श्रेयाचे बाबा तिथे थोडा वेळ थांबले, मग कुणीतरी "ही तुमचीच ना?" असं विचारल्यावर म्हणाले, "हो. फार पडली त्या दिवशी."

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांनी स्वतः लिहिलं होतं. माझ्या हातून पुन्हा कशाला.

पुढच्या उन्हाळ्यात काकांना प्लेनोला नोकरी मिळाली. टेक्सासमध्ये कुठला आलाय डोंगर आणि कुठला बर्फ. त्याआधी, मार्चच्या शेवटच्या शनिवारी, आम्ही डोंगरावर गेलो तेव्हा बर्फ विरघळायला लागला होता आणि पोरं घरी गेली होती. काकू नेहमीच्या जागी पोटावर झोपल्या आणि रिकाम्या उंचवट्याचा एकच फोटो काढला. घरी आल्यावर कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्या हातात दिलं. "हा तू एडिट कर."

तो माझ्या टेबलाच्या वर लावलाय. डावीकडे उंचवट्याचं टोक, उजवीकडे उतार, मधे रिकामं आभाळ. लोक विचारतात, यात माणूस कुठे आहे. टेकडी तिरपी होती, ती मी सरळ केली. बर्फ राखाडी होता, तो उजळला. उतारावर कुणाच्यातरी पडण्याचा एक खड्डा आहे. तो मी काढलेला नाही.